घरचा आरओ चैन की गरज? आधी पाण्याचा रिपोर्ट बघू, मग मशीन

निवळी

"आरओ घ्यावा का?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो आणि उत्तरात बहुतेक वेळा ब्रँडची नावंच येतात. पाणी कुठलं आहे, हे कुणी विचारतच नाही. म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे: आरओ चैन आहे की गरज, हे तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं त्यावर ठरतं. उत्पन्न, घराचा आकार, शेजाऱ्यांकडे काय आहे, या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

पाण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. गढूळपणा, जंतू आणि विरघळलेले क्षार. गढूळपणा गाळणीने किंवा तुरटीने जातो. जंतू उकळण्याने, क्लोरीनने, यूव्हीने (अतिनील किरणांनी) किंवा यूएफच्या अतिसूक्ष्म गाळणीने जातात. विरघळलेले क्षार यातल्या कशानेही जात नाहीत, त्यासाठी आरओ लागतो. म्हणजे आरओचं खरं काम क्षार काढण्याचं. ज्या पाण्यात काढण्यासारखे क्षारच नाहीत तिथे तो बसवला, तर तो बिनकामाचा राबतो आणि एका लिटरमागे तीन लिटर पाणी मोरीत सोडतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००. त्यात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणाचे असेच दोन आकडे आहेत, २०० आणि ६००. फ्लोराइडचे १ आणि १.५. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे सवलत नाही. मुंबईला भातसा-वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. धरणाच्या या पाण्याचा टीडीएस ५०० च्या पुष्कळ खाली असतो. फक्त तेच पाणी येत असेल तर आरओ ही चैन आहे, आणि पाणी वाया घालवणारी चैन आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला नेमकं हेच सांगितलं होतं, की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा.

अनुभवी लोकांनी भर घालावी. कृपया ब्रँड नकोत, पाण्याबद्दल आणि मशीनच्या आतल्या भागांबद्दल लिहा.

सोसायटी_सेक्रेटरी

धरणाचं पाणी चांगलं असतं हे मान्य. पण शहराच्या कडेच्या किती सोसायट्यांना बारा महिने फक्त धरणाचं पाणी मिळतं? जानेवारीपर्यंत कॉर्पोरेशनचं, फेब्रुवारीपासून त्यात बोअर मिसळायचं आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. टाकी एकच, त्यामुळे आज १२० असलेला टीडीएस पुढच्या आठवड्यात ७०० होतो. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे चालक सांगेल तेवढंच कळतं. अशा ठिकाणी आरओला चैन म्हणणं मला पटत नाही.

निवळी

सेक्रेटरी, तुमचा मुद्दा रास्त आहे. अशा सोसायटीत निर्णय सर्वांत वाईट महिन्यावरून घ्यायचा. म्हणजे नमुना मे महिन्यात आणि टँकर रिकामा झाल्यावर घ्यायचा, ऑगस्टमध्ये घेतलेल्या रिपोर्टवर विसंबायचं नाही. पण त्याचबरोबर हिशेबही करा. घरटी रोज २० लिटर शुद्ध पाणी, त्यामागे ६० लिटर वेस्ट. १०० घरं असतील तर रोज ६,००० लिटर, म्हणजे निम्म्याहून जास्त टँकर मोरीत. मे महिन्यात, जेव्हा तोच टँकर पैसे मोजून मागवलेला असतो.

पाणाड्या

नमुना कसा घ्यायचा ते आधी लिहितो, कारण चुकीच्या नमुन्याचा रिपोर्ट म्हणजे कागद वाया.

रासायनिक तपासणीसाठी एक ते दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन. त्याच पाण्याने तीनदा विसळायचा आणि काठोकाठ भरायचा. बोअरचा नमुना असेल तर मोटार निदान पाच-दहा मिनिटं चालू द्यायची, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी. ती प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेलीच आणायची, विसळायची नाही आणि झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असावं लागतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर २४ तासांत पोचवायची.

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. अर्ज करताना नुसतं "पाणी तपासा" लिहू नका. टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि जंतू, असं नावानिशी मागा.

ज्यांना तपासणीला वेळ आहे पण अंदाज आत्ता हवा आहे त्यांच्यासाठी घरातल्या खुणा: तुरीची डाळ कुकरलाही नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या पातेल्यात तळाशी पांढरा थर बसतो, तर पाणी जड आहे. मचूळ किंवा खारट लागतं तर क्लोराइड जास्त. उपसल्यावर स्वच्छ दिसतं आणि तासाभरात लालसर होतं तर लोह. फ्लोराइड आणि नायट्रेटची मात्र कसलीही खूण नाही. चव नाही, वास नाही, रंग नाही.

तिखटमीठ

टीडीएस मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो घेतला तर लॅबची गरज उरते का?

केमिस्टकाका

उरते. मीटर क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरलेल्या गुणकाने त्याचं टीडीएसमध्ये रूपांतर करून दाखवतो. त्यामुळे त्याला फक्त एकूण क्षार कळतात, आणि तेही अंदाजाने. कोणते क्षार, हे त्याला कळत नाही. जंतू, कीटकनाशक, आर्सेनिक यातलं काहीच त्याला दिसत नाही. गटाराचं पाणी शिरलेल्या नळाचं रीडिंग १५० असू शकतं आणि निर्धोक पण जड पाण्याचं ६००.

सगळ्यांत फसवी जागा फ्लोराइडची. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात भूजलात फ्लोराइड सापडतं. तिथे टीडीएस ४०० आणि फ्लोराइड अडीच, असा नमुना निघू शकतो. मीटर म्हणेल पाणी उत्तम, आणि तेच पाणी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणेल, वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं-सांधे आखडतील. मीटर जरूर घ्या, पण त्याचा उपयोग आरओवर लक्ष ठेवण्यासाठी. पाणी पिण्याजोगं आहे का, हे ठरवायला तो अपुरा आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण यात अनेक घरं फसतात. विक्रेता घरी येतो, दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात नळाचं आणि एकात आरओचं. दोन्हीत विजेची दांडकी बुडवतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-हिरवट होतं, वर फेस येतो, आणि आरओचं तसंच राहतं. तो सांगतो, बघा, ही तुमच्या पाण्यातली घाण. ती घाण त्याच्या दांडक्यांतली असते. लोखंडाची दांडी वीज लागली की झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, आरओच्या पाण्यात जवळजवळ वाहत नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. खात्री करायची तर त्याच्यासमोर आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि दांडकी पुन्हा लावायला सांगा. तेही पाणी तपकिरी होतं. म्हाताऱ्या माणसांना या प्रयोगाने घाबरवून पंधरा-वीस हजारांची मशीन विकणं हा उघड अन्याय आहे. आपापल्या आई-वडिलांना हे समजावून सांगा.

आडावरची

जंतूंबद्दल थोडं लिहिते, कारण आजार आणतात ते प्रामुख्याने जंतू. क्षारांची भीती वाटते तेवढी जंतूंची वाटत नाही, हे उलटं आहे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुईयान-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. तिथे टीडीएसचा प्रश्न नव्हता, संशय जंतुदूषित पाण्यावर होता. त्या भागातल्या काही खासगी आरओ प्लांटचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेने ते प्लांट बंद केले. जारवर "आरओ" लिहिलेलं असलं म्हणून पाणी निर्जंतुक असतंच असं नाही. मेम्ब्रेनमधून (आरओच्या क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) चांगलं पाणी निघालं तरी पुढची टाकी, तोटी, न धुतलेला जार यातून जंतू परत शिरतात. आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक नसतो, त्यामुळे शिरलेल्या जंतूला अडवणारं काहीच नसतं.

गावात आणि सोसायटीत करण्याजोगं, आणि जवळजवळ फुकटात होणारं काम म्हणजे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम. १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. थेट टाकीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, दहा-पंधरा मिनिटांत चुना तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर पाणी सोडायचं नाही. मग लाइनवरच्या शेवटच्या घराच्या नळाचं पाणी घेऊन क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट. पिवळा रंग आला पाहिजे, म्हणजे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथवर पोचला. पहिल्या घरात पिवळं आणि शेवटच्या घरात पांढरं आलं, तर मध्ये पाइप फुटलेला आहे किंवा टाकीत गाळ आहे. ओटीचं द्रावण विषारी असतं, तपासलेलं पाणी भांड्यात परत ओतू नका.

पावडर उघड्या पोत्यात ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत तिचा दम जातो. ५ ग्रॅम टाकूनही रंग येत नसेल तर आधी पोतं बघा.

निवळी

आडावरची, फार मोलाची माहिती. उकळण्याबद्दलही लिहाल का?

आडावरची

खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. वीस-वीस मिनिटं उकळून गॅस जाळण्यात काही मिळत नाही. त्याच भांड्यात झाकून गार करायचं, दुसऱ्या भांड्यात ओतताना पुन्हा हात लागतो. उकळल्याने क्षार जात नाहीत. नायट्रेट असेल तर पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं, म्हणून शेतातल्या विहिरीचं किंवा शोषखड्ड्याजवळच्या बोअरचं पाणी तान्ह्या बाळाला नुसतं उकळून देऊ नये, आधी नायट्रेट तपासावं.

सर्व्हिस_पाना

आता मशीनच्या पोटात काय असतं ते. घरच्या आरओत पाणी या क्रमाने जातं: बाहेरच्या डब्यातली स्पन कँडल, आतली गाळ अडवणारी सेडिमेंट, क्लोरीन अडवणारा कार्बन, मग सॉलेनॉइड म्हणजे पाणी चालू-बंद करणारी विजेची झडप, २४ व्होल्टचा दाब वाढवणारा बूस्टर पंप, मेम्ब्रेन. मेम्ब्रेनमधून दोन पाइप निघतात. एक शुद्ध पाण्याचा, तो पोस्ट कार्बन आणि यूव्ही-यूएफमधून टाकीत जातो. दुसरा वेस्टचा, त्यावर फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, त्याला एफआर म्हणतात. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, किंमत शे-दीडशे, आणि सगळ्या मशीनचं आयुष्य त्याच्यावर.

एफआर वेस्टचं पाणी अडवून मेम्ब्रेनवर दाब टिकवतो. तो क्षारांनी तुंबला की वेस्ट येणं बंद होतं. घरचे खूश होतात, पाणी वाया जात नाही म्हणून. प्रत्यक्षात क्षार बाहेर पडायला वाटच उरत नाही, ते मेम्ब्रेनवर दगडासारखे बसतात आणि काही आठवड्यांत दीड-दोन हजारांची मेम्ब्रेन संपते. जड पाण्याच्या भागात "वेस्ट कमी करून द्या" असा आग्रह मेकॅनिककडे धरू नका. उलट, टाकी रिकामी करून मशीन चालू करा आणि शुद्ध व वेस्ट दोन्ही पाइप एक मिनिट वेगवेगळ्या मापात सोडा. शुद्ध १६० मिली आणि वेस्ट ४८० च्या आसपास आलं तर ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मशीन ठीक चालली आहे. पाणी गोडं असेल, टीडीएस पाच-सहाशेच असेल, तर वेस्ट दुपटीपर्यंत खाली आणता येतं. १,५०० च्या पाण्यावर तो प्रयोग नको.

७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, तासाला १२. हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. थंडीत पाणी १५ अंशांवर आलं की पाव भागाने उत्पादन घटतं. डिसेंबरात टाकी हळू भरते म्हणून मेम्ब्रेन बदलायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आधी टीडीएस बघा.

मेम्ब्रेन दोन तऱ्हेने मरते आणि दोन्हींची लक्षणं उलट. क्षार बसून मेली तर पाणी कमी-कमी येतं. क्लोरीनने जळली तर पाणी भरपूर येतं, पण टीडीएस चढत जातो. दुसरं झालं असेल तर दोष कार्बनचा: तो संपला, त्याने क्लोरीन अडवला नाही. अशा वेळी नुसती मेम्ब्रेन बदलली तर नवीही तशीच जाईल. नवी मेम्ब्रेन ९० ते ९५ टक्के क्षार काढते, म्हणजे आत ८०० असेल तर बाहेर ४० ते ८०. बाहेरचा आकडा आतल्याच्या पंधरा-वीस टक्क्यांवर गेला की बदला.

तिखटमीठ

मेम्ब्रेन घरी बदलता येते का? सर्व्हिसचे पैसे वाचतील.

सर्व्हिस_पाना

येते. आधी प्लग काढा, इनलेटची तोटी बंद करा. हाउसिंगच्या टोपीचा पाइप काढा: कॉलर आत दाबून धरायची आणि पाइप ओढायचा, दाबल्याशिवाय ओढला तर कॉलर तुटते. पान्याने टोपी उघडा, जुनी मेम्ब्रेन पकडीने सरळ ओढा. हाउसिंग नुसत्या पाण्याने धुवा. नव्या मेम्ब्रेनचं दोन बारीक ओ-रिंगांचं टोक आत जातं, जाड काळं रबर टोपीच्या बाजूला राहतं. ओ-रिंग पाण्याने ओल्या करा. तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, रबर फुगतं. शेवटी अंगठ्याने दाबून ती बसल्याचं जाणवलं पाहिजे. अर्धवट बसली तर कच्चं पाणी बाजूने शुद्ध पाण्यात मिसळतं आणि नव्या मेम्ब्रेनलाही टीडीएस जास्त दिसतो. एफआर त्याच वेळी नवा घाला.

कार्बन बदलत असाल तर तो मेम्ब्रेनला जोडण्याआधी त्यातून दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडा. सुरुवातीला काळी भुकटी येते, ती मेम्ब्रेनवर जाऊ देऊ नका. नव्या मेम्ब्रेनची पहिली भरलेली टाकी पूर्ण ओतून द्या, तिच्यात टिकवण्यासाठी घातलेलं रसायन असतं.

केमिस्टकाका

यात एक मुद्दा राहिला, टीडीएस कंट्रोलर. आरओचं पाणी बेचव लागतं म्हणून मशीनवर एक स्क्रू असतो. तो फिरवला की शुद्ध पाण्याचा टीडीएस ३० वरून ८०-१०० होतो आणि चव सुधारते. अनेकांना वाटतं यातून खनिजं मिसळली जातात. तसं नाही. तो स्क्रू कच्चं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून थेट शुद्ध पाण्यात सोडतो. कच्च्या पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक जे असेल ते त्याच प्रमाणात येतं. जिथे नुसता खारटपणा आहे तिथे चालेल, पुढे यूव्ही किंवा यूएफ असलं पाहिजे. जिथे फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर आहे तिथे हा स्क्रू पूर्ण बंद हवा, चवीसाठी खनिजांची वेगळी कार्ट्रिज लावावी. मेकॅनिकला हे विचारून, डोळ्यांसमोर बंद करून घ्या.

सोसायटी_सेक्रेटरी

धरणाचं पाणी असणाऱ्यांनी मग नेमकं काय घ्यावं?

सर्व्हिस_पाना

सेडिमेंट, कार्बन, यूएफ, यूव्ही, एवढंच. वेस्ट नाही. यूव्हीला पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला राहतात. दिवा निळा दिसतो म्हणजे काम करतो असं नाही. ८,००० तासांच्या आसपास त्याचा जोर उतरतो, आणि काचेच्या नळीवर क्षार बसले तर त्याआधीच. दिवा बदलताना नळी लिंबाच्या पाण्याने पुसून घ्या. वीज वारंवार जाते तिथे विजेविना चालणारा यूएफचा फिल्टर बरा, फक्त त्याची उलट धुलाई आठवड्याला करावी लागते.

खर्चाचा अंदाज देतो. आरओ १२,००० चा धरा, ७ वर्षं चालला, वर्षाला देखभाल ३,५०० आणि वीज ३५० च्या आसपास. रोज २० लिटर म्हणजे वर्षाला ७,३०० लिटर. लिटरला साधारण पाऊण रुपया पडतो. यूव्ही-यूएफला मशीन ७,००० आणि देखभाल १,५०० धरली तर लिटरला पस्तीस पैशांच्या आत. २० लिटरचा जार ३० रुपयांना घेतला तर दीड रुपया, आणि वर तो जार कुठे भरला याची खात्री नाही. सीलबंद पाण्याला २०२४ पर्यंत आयएस १४५४३ चा परवाना सक्तीचा होता, गार सुट्या जारवर तो क्रमांक सहसा नसायचाच.

पूर्णाकाठ

सगळी चर्चा शहराच्या नळाभोवती चालली आहे, म्हणून लिहितो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. बोअर घ्या, विहीर घ्या, पाणी खारंच. तिथे क्षार काढणं ही गरज आहे, यावर वाद होऊच शकत नाही. तरी आरओ जास्त घरांत दिसतो तो शहरात, जिथे त्याची गरज कमी आहे, आणि खारपाणपट्ट्यात माणूस कॅन घेऊन पाच रुपयांत कॅन भरून देणाऱ्या पाण्याच्या एटीएमसमोर रांगेत उभा असतो. ही विषमता बोचते.

गावच्या प्लांटचा हिशेबही मांडू. २०० घरं, रोज २० लिटर, म्हणजे ४,००० लिटर. तासाला १,००० लिटरचा प्लांट चार तास चालवायचा. पाच रुपयांप्रमाणे रोजचे १,०००, महिन्याचे ३०,००० जमतात. त्यात चालवणाऱ्याचा पगार, वीजबिल, अँटीस्केलंट (मेम्ब्रेनवर क्षार बसू न देणारं रसायन), कँडल आणि दोन-तीन वर्षांनी मेम्ब्रेनचा संच निघायला हवा. निघतो, पण मेम्ब्रेनसाठी दरमहा रक्कम वेगळी ठेवली तरच. बंद पडलेल्या प्लांटच्या मुळाशी हेच असतं: उद्घाटनाला मशीन होती, तीन वर्षांनी मेम्ब्रेनला पैसा नव्हता. दुसरं कारण अँटीस्केलंट संपलं तरी मोटार चालू ठेवणं.

आणि वेस्ट? ४,००० लिटर शुद्ध पाण्यामागे तेवढंच तरी खारं पाणी निघतं. १,५०० टीडीएसचं पाणी निम्मं काढून घेतलं की उरलेलं २,९०० च्या आसपास जातं. ते प्लांटमागच्या शोषखड्ड्यात सोडलं की त्याच भूजलात परत. ग्रामसभेत हा प्रश्न विचारा.

निवळी

पूर्णाकाठ, धन्यवाद, हे यायलाच हवं होतं. खारपाणपट्ट्यात आरओशिवाय पर्याय काय?

पूर्णाकाठ

पाऊस. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यात जमा. १ चौरस मीटर स्लॅबवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटरचा स्लॅब, ७०० मिमी पाऊस, त्यातला ८० टक्के हाती आला तर २८,००० लिटर. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तर वर्षाला ९,१२५. पाऊस चार महिने पडतो, उरलेल्या आठ महिन्यांना ६,००० लिटर लागतात. १०,००० लिटरची टाकी पुष्कळ झाली.

करायचं असं. मेअखेर स्लॅब झाडून-धुऊन घ्यायचा. पन्हाळीच्या पाइपाला खाली टी जोडून एक आडवी तोटी ठेवायची, सरीचं पहिलं २ मिमी पाणी, म्हणजे ५० चौरस मीटरच्या स्लॅबचे १०० लिटर, त्यातून बाहेर सोडायचं. मोसमातले पहिले एक-दोन पाऊस पूर्णच सोडा. मग ड्रममध्ये खाली खडी, वर बारीक खडी, वर धुतलेली वाळू असा थर, त्यातून टाकीत. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, डासांसाठी. आडावरचींनी सांगितलेलं टीसीएलचं माप इथेही लागू. टाकीत बादली बुडवायची नाही, तोटी तळापासून चार बोटं वर बसवा म्हणजे गाळ येत नाही.

ऐन पावसाळ्यात नमुना तपासायचा असेल तर जंतू तपासायची एच-टू-एसची बाटली भरून ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर जंतू आहेत असं समजून क्लोरीन पुन्हा टाका.

केमिस्टकाका

पूर्णाकाठ यांना अनुमोदन. फ्लोराइडच्या गावांनाही पाऊसपाणी हाच सर्वांत बिनखर्ची उपाय. तोवर नागपूरच्या नीरीने विकसित केलेली नालगोंडा पद्धत आहे: पाण्यात थोडा चुना आणि मग तुरटीचं द्रावण, दहा मिनिटं हळू ढवळणं, तासभर निवळू देणं आणि वरचं पाणी काढून घेणं. तुरटीचं माप पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरतं, म्हणून ते प्रयोगशाळेकडून लिहून घ्या, अंदाजाने टाकू नका.

तिखटमीठ

शेवटचं विचारते. घरच्या आरओचं वेस्ट कशाला वापरू?

पाणाड्या

आतल्या पाण्याचा टीडीएस ३०० असेल तर वेस्ट ४०० च्या आसपास येतं. ते झाडांना, भांड्यांना, कपड्यांना, कशालाही चालेल. आतलं १,५०० असेल तर वेस्ट २,००० ला टेकतं. ते फरशी, संडास, अंगण धुवायला ठेवा. कुंड्यांना घालू नका, मातीत मीठ साचतं आणि पानांच्या कडा करपतात. कूलरमध्येही नको, जाळीवर क्षार धरतात. पाइप थेट मोरीत न सोडता झाकणाच्या पिंपात सोडा आणि पिंपाचं तोंडही मशीनच्या खाली राहील असं ठेवा, वर चढवलेल्या पाइपाने एफआरवर उलटा दाब येतो.

निवळी

तिखटमीठ, तुमच्या भागातलं पाणी कुठलं ते सांगितलंत तर मशीनचं नक्की ठरवता येईल. बाकीच्यांनीही रिपोर्ट आला की इथे टाका. गाव किंवा प्रभाग, महिना, स्रोत, टीडीएस, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू, या क्रमाने. घराचा पत्ता किंवा अर्जावरचं नाव झाकून फोटो काढा.